छबूचा पाय

कागद रंगनाथकडून आप्पासाहेबांकडे गेला. आप्पासाहेबांनी तो न वाचताच परत रंगनाथकडे सरकवला. बायकांच्या वॉर्डातल्या दहा-बारा जणी आपापली दुखणी विसरून तो कागद कुठं थांबतो ते बघत बसल्या. पंगतीत शेवटचा लाडू जसा 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत फिरतो, तसं चाललं होतं. फरक इतकाच, की हा लाडू कुणालाच नको होता.

“लेक तुमची. सही तुमी करा,” आप्पासाहेब म्हणाले.

“दिली त्या दिशी तुमची झाली,” रंगनाथ म्हणाला. “सही नवऱ्यानं करायची, न्हाईतर सासऱ्यानं. बापाला आता काय अधिकार हाय?”

दोघं व्याही खाटेच्या दोन बाजूंना उभे होते आणि खाटेवर छबू होती. वय सतरा. चादरीखाली तिचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला होता. ती वर आढ्याकडं बघत होती; तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

बनुबाई आया हातात पाण्याची बादली घेऊन दारात थबकली होती. बावीस वर्षं ती नगरच्या या दवाखान्यात फरशी पुसत, भांडी उचलत, बायकांना कुशीवर वळवत आली होती. तिनं नवरे भांडताना पाहिले होते, सासवा भांडताना पाहिल्या होत्या. पण दोन जाणती माणसं एका पोरीच्या पायावरून 'माझा नाही, तुझा' म्हणून भांडतात हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

कागदावर मजकूर एवढाच होता, की पाय मांडीतून काढायला आमची हरकत नाही. डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बसवून सगळं सांगितलं होतं. हाडाचा कॅन्सर आहे. दसऱ्यापासूनचं दुखणं, दोन महिने हाडवैद्याचे लेप लावण्यात गेले. आज छातीचा फोटो साफ आहे. आत्ता पाय काढला तर पोरगी वाचण्याची आशा आहे, उद्याचं सांगता येत नाही. पुण्याचे मोठे सर्जन महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी येतात, आणि तो गुरुवार उद्याच आहे. हे सगळं त्यांनी दोघा पुरुषांना सांगितलं. जिचा पाय होता तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तिची स्वतःची सही चालतही नव्हती, कारण अठरा पुरी व्हायला पाच महिने होते. लहान म्हणावं तर गळ्यात मंगळसूत्र, मोठी म्हणावं तर कायद्याच्या लेखी लेकरू.

संध्याकाळी दोघं व्याही कोपरगावच्या एकाच एस.टी.नं परत गेले. रस्ता एकच. रंगनाथला राहुरीला उतरायचं, आप्पासाहेबांना पुढं कोल्हारला. एक पुढच्या बाकावर बसला, एक मागच्या. कागद छबूच्या उशाशी बिनसहीचाच राहिला. गुरुवारी सर्जन आले, दोन हर्निया आणि एक गलगंड कापून निघून गेले.

भांडणाचं मूळ कारण ऐकलं तर हसावं की रडावं कळत नाही. गेल्या वैशाखात छबूचं लग्न झालं, तेव्हा मांडवात मानपानाची वेळ आली. पहिला फेटा नवरदेवाच्या बापाला बांधायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गर्दी, ऊन, वाजंत्री, आणि पुढं बसलेले आप्पासाहेबांचे चुलतभाऊ मिशाळ आणि धिप्पाड. रंगनाथनं घाईत पहिला फेटा त्यांच्याच डोक्याला बांधला. आप्पासाहेब तडक मांडवातून उठले. रंगनाथनं तिथल्या तिथं हात जोडले, पण तुटलं ते तुटलंच. पुढं नागपंचमीला छबूला माहेरी आणायला तिचा चुलता मुराळी म्हणून गेला, तर आप्पासाहेबांनी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावलं. “तिच्या बापाला फेटा घिऊन येऊ द्या. मंग मूळ धाडा.” रंगनाथ म्हणाला, मांडवात हात जोडले, आता दारात जाणार नाही. पंचमी गेली, दिवाळी गेली, छबूला माहेरचं मूळ आलं नाही. आणि आता तोच फेटा डॉक्टरांच्या कागदावर येऊन बसला होता.

छबूला वॉर्डात करमत नव्हतं. मुलांचा वॉर्ड बारा वर्षांपर्यंतच्यांचा. तिथं तिला घेत नसत. इथं सगळ्या बायका, कुणाचं अंग बाहेर आलेलं, कुणाचा गर्भ पडलेला. नवी बाई आली की पहिला प्रश्न, “किती लेकरं गं तुला?” छबू लाजायची आणि चादर तोंडावर ओढायची. तिच्या वयाचं बोलायला तिथं कुणीच नव्हतं. मग बनुबाई दुपारची फरशी आटोपली की तिच्या खाटेशी जमिनीवर बसायची. पदराला बांधून आणलेली चिंच दोघी खायच्या. सिस्टरांनी पाहिलं तर ओरडतील म्हणून छबू चिंचोका गालात धरून ठेवायची, आणि तेवढ्यानंच तिला हसू यायचं.

“मावशे,” एके दुपारी ती म्हणाली, “पाय कापनार हायेत ना माजा?”

बनुबाईच्या बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी असा सरळ विचारला नव्हता. उत्तर डॉक्टरांनी द्यायचं असतं. पण डॉक्टर पोरीशी बोलत नव्हते, बापाशी बोलत होते.

“व्हय,” बनुबाई म्हणाली. “मांडीतनं. पन जीव ऱ्हातो. काठी घिऊन चालता येतं. मी बघितल्यात तशा बाया.”

छबूनं चिंचोका गालातून काढून मुठीत धरला. बनुबाईला वाटलं, आता रडेल. पण ती म्हणाली, “कापू दे. पन त्याच्या आधी येकदा आमच्या वाडीला जाऊन यायचं हाय मला. दोन पायांनी. हिरीवर जायाचं, आयेच्या हातची आमटी खायाची, बास. लगीन झाल्यापासनं मी गेलेच न्हाई, मावशे. पंचमीला समद्या पोरी आल्या असतील. माजा झोका कुनी बांधला असंल का?”

“आसंल की.”

“तुला मूळ यायचं का गं?”

“माजं माहेर पाथर्डीच्या पल्याड. नवऱ्यानं दुसरी केली, मी हितं आले. भाऊ यीन म्हनत हुता.” बनुबाईनं चिंचेची साल झटकली. “आला न्हाई. त्याची बी काय अडचन असंल.”

एवढं बोलून ती बादली उचलून निघाली. पण त्या रात्री तिला कळून चुकलं, की पुढचा गुरुवार काही आपोआप यायचा नाही. कुणीतरी उठून त्याला आणावं लागेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं दोन घरची पोर मरणार होती.

सर्जन यायच्या आधीच्या रविवारी बनुबाईनं रजा घेतली. इरकली लुगडं नेसली, डॉक्टरांचा कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि पहाटेच्या एस.टी.नं राहुरी गाठली. तिथून दोन कोस चालत वाडी.

रंगनाथ मोटेच्या धावेवर बैल हाकत होता. त्यानं बनुबाईला ओळखलं, मोट थांबवली, घोंगडं अंथरलं आणि तिला बसायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बनुबाईनं कागद पुढं केला, तसा मात्र तो कागदाकडं न बघता बैलांकडं बघायला लागला.

“बनुबाई, तुमाला खरं सांगतो. फेट्याचं आता मला काय वाटत न्हाई. पन सही माजी आसली, तर उंद्या त्ये म्हंतील, बापानं लेकीला लंगडी केली, बापानंच सांभाळावी. मंग तिला टाकून देतील. नवऱ्यानं सही केली तर ती त्याची लंगडी बायको ऱ्हाईल. माज्या सहीनं ती टाकलेली व्हईल. टाकलेली बाई कशी जगती, तुमाला काय सांगायचं?”

बनुबाईला सांगायची गरज नव्हती खरीच. या माणसाचं काही चुकतंय असंही तिला म्हणता येईना. तिला वाटलं होतं, हा ताठर असेल, चार शब्द सुनावून त्याला नरम करू. पण तो भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या बापाला काय सुनवायचं?

ती निघाली तेव्हा छबूची आई राहीबाई तिला बांधापर्यंत पोचवायला आली. आधी तिनं भाकरी-चटणीचं गाठोडं दिलं. मग मागं वळून धावेकडं पाहिलं, आणि पदराखालून जुन्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून बनुबाईच्या पिशवीत कोंबलं.

“ह्यो फेटा. येवायांसाठी दुसरा आनला हुता, वैशाखातच. ह्यांनी आनला आन् पेटीत टाकून दिला. तुमी न्या. ह्यांनीच धाडला म्हना. मला काय ती शिक्षा देतील ह्ये, मी भोगीन.” तिचे डोळे भरून आले होते. “छबूला म्हनावं, तुजा झोका आमी काढला न्हाई.”

प्रवरेचा पूल ओलांडून बनुबाई कोल्हारला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आप्पासाहेबांची वस्ती गावाबाहेर, चारी बाजूंनी ऊस. अंगणात बाजेवर ते स्वतः, पलीकडं त्यांचा मुलगा गोरख, छबूचा नवरा, वैरणीची पेंडी सोडत उभा. वीस वर्षांचं पोरगं, मिसरूड नुकतं जाड झालेलं.

“रंगनाथ पाटलांनी धाडलंय,” बनुबाई म्हणाली आणि फेटा काढून बाजेवर ठेवला. “सोता येनार हुते. पन म्हनाले, कोन्या तोंडानं जाऊ?”

बावीस वर्षं दवाखान्यात काढली की खोटं बोलायचं कसब आपोआप येतं. 'दुखणार नाही हं' म्हणूनच तिथला दिवस सुरू होतो.

आप्पासाहेबांनी फेट्याला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. गुलाबी, जरीकाठी, घडीच्या जागी थोडा विटलेला.

“दहा म्हयनं लागलं व्हय त्याला?”

“आप्पासाहेब, मान जनात सांगावा, अपमान मनात ठिवावा, आसं मोठी मानसं म्हनतात. मी अडानी बाई. पन चार दिसांनी गुरवार हाय. डागदर म्हनतात, ह्यो गुरवार गेला तर पुढचा तिच्या कामाचा न्हाई.”

“बांदायचा कुनी? माहेरचा गडी कुठंय?”

“मी बांदते. मी छबूच्या माहेरची.”

आप्पासाहेबांनी तिच्या, नवऱ्यानं टाकल्यापासून मोकळ्या असलेल्या कपाळाकडं पाहिलं, भेगाळलेल्या हातांकडं पाहिलं. मानाचा फेटा, आणि बांधणारी एक आया. गोरखचा हात पेंडीवरच थांबला. मग, कसं कोण जाणे, त्या करारी माणसानं डोकीची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

बनुबाईला फेटा बांधता येत नव्हता. तिला डोक्याच्या जखमेला पट्टी बांधता येत होती. तिनं तशीच बांधली, कानामागून, घट्ट, एकावर एक वेढे घेत, शेवटचं टोक आत खोचून. आप्पासाहेबांच्या बायकोनं आतून आरसा आणला. ते बरंच वेडंवाकडं दिसत होतं. पण आप्पासाहेबांनी ते सोडलं नाही.

“गोरख,” ते म्हणाले, “बाईसंग नगरला जा. म्हनतील तितं सही कर. मी बुधवारी येतो.”

एस.टी.त गोरख बनुबाईच्या शेजारी अवघडून बसला होता. राहुरी मागं पडली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “पाय नसला तरी मला चालंल, मावशी. मी तवाच म्हननार हुतो. पन बापाम्होरं तोंडच उघडत न्हाई माजं.”

“तिला सांग त्ये,” बनुबाई म्हणाली. “मला सांगून काय करतोस?”

त्यानं सांगितलं. बनुबाईनं दारातून पाहिलं. खाटेशेजारी स्टुलावर बसून तो खाली मान घालून बोलत होता, आणि छबू इतक्या दिवसांत पहिल्यांदा आढ्याकडं न बघता माणसाकडं बघत होती. त्याच संध्याकाळी त्यानं सही केली. अक्षर मोठं, शाळकरी. 'गोरक्षनाथ' लिहिताना शाई फुटली.

बुधवारी आणखी एक नवल झालं. आप्पासाहेब तो फेटा घालून येताना राहुरीला उतरले, वाडीला गेले आणि धावेवर उभ्या रंगनाथला म्हणाले, “फेटा पावला, येवाई. मागचं सोडून द्या.” रंगनाथनं त्यांच्या डोक्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता गप्प बसला. ते तिघं एकाच बाकावर बसून नगरला आले.

त्याच बुधवारी दुपारी छबूच्या छातीचा नवा फोटो काढला होता. शस्त्रक्रियेआधी काढायचाच असतो.

गुरुवारी सकाळी बनुबाई सर्जनांच्या खोलीत चहाचे कप उचलायला गेली, तेव्हा दोघं डॉक्टर तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. फोटोतलं तिला काही कळत नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा मात्र ती बावीस वर्षांत वाचायला शिकली होती.

“छातीत उतरलंय,” डॉक्टर तिला म्हणाले. असं ते कधी तिला सांगत नसत, पण सही कुणी आणली हे त्यांना ठाऊक होतं. “दोन्हीकडं. आता पाय काढून पोरीला उगीच यातना. महिन्यापूर्वी...” ते थांबले. “तीन महिने. फार तर चार.”

बनुबाईच्या हातात कप होते. ते तिनं एक एक करून ट्रेमध्ये ठेवले. तिला वाटत होतं, एखादा तरी फुटावा, म्हणजे रडायला निमित्त होईल. एकही फुटला नाही.

डॉक्टर व्हरांड्यात आले. दोन्ही घरची माणसं उठून उभी राहिली. त्या काळी सगळेच डॉक्टर बोलत, तसंच तेही बोलले. पाय कापायचं रद्द केलं आहे. घरी न्या. गोळ्या देतो, दुखलं की द्या. जे मागेल ते खायला घाला, आनंदात ठेवा. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

राहीबाईनं तिथंच जमिनीला डोकं टेकवलं. आप्पासाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. गोरख लहान पोरासारखा हसला. आणि रंगनाथ, तो भ्यालेला, सहीच्या कागदापासून महिनाभर पळणारा बाप, ताठ उभा राहून म्हणाला, “बघा! मी सही केली न्हाई, त्येच बरं झालं. तवाच केली आसती, तर पोरीचा पाय गेला आसता.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पासाहेबही म्हणाले, खरं हाय येवाई, देवाच्याच मनात हुतं. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवला. मग छबूला कुठं न्यायचं यावरून पुन्हा आग्रह सुरू झाला, पण आता उलट्या बाजूनं. “माहेरी न्या, पंचमीला जायाची ऱ्हाईली हुती.” “न्हाई, आदी तुमच्या घरी.” शेवटी माहेरी ठरलं. आप्पासाहेबांनी स्वतः सांगितलं, पोर दोन म्हयने तितं ऱ्हाऊ दे, गोरख आठवड्याला येऊन जाईल.

बनुबाई छबूचे केस विंचरायला बसली. जाताना नीट दिसावी म्हणून तिनं दोन वेण्या घातल्या.

“मावशे, पाय कापला आसता तर मी जगनार हुते. तूच म्हनालीस.”

बनुबाईची फणी थांबली.

“मंग आता कापीत न्हाईत, म्हंजे...” छबूनं पुढचं म्हटलं नाही. खिडकीतून तिला व्हरांड्यात आई दिसत होती. राहीबाई दोन्ही व्याह्यांना भाकरी वाढत होती, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर पदर तोंडाशी धरून हसत होती. “आयेला सांगू नगंस. लई दिसांनी हसली ती. आमी वाडीला तर जाऊ आता. मला तेवढंच जायाचं हुतं.”

बनुबाईनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. आया लोकांनी पेशंटला असं धरायचं नसतं. सिस्टर दारातून पाहून मागं वळल्या.

फाटकाशी टांगा आला. रंगनाथनं लेकीला उचलून आणलं, लहानपणी जत्रेत न्यायचा तसं, आणि पाय दुखणार नाही अशा बेतानं गादीवर बसवलं. सामान चढलं, आप्पासाहेब चढले. मग रंगनाथ वळला आणि कुणाला काही कळायच्या आत खाली वाकला, आणि त्यानं बनुबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. चाळीस बिघ्यांचा धनी, भर रस्त्यात.

“तुमी फेटा नेला म्हनून दोन घरं येक झाली,” तो म्हणाला. “आन् माज्या लेकीचा पाय वाचला.”

बनुबाईनं वर पाहिलं. टांग्यातून छबू तिच्याकडं बघत होती. तिनं अगदी हळू, कुणाला दिसणार नाही इतपत, मान हलवली. नको.

“उठा पाटील,” बनुबाई म्हणाली. “येळ झाली. गाडी चुकंल तुमची.”

टांगा स्टँडच्या दिशेनं गेला. तो वळणावर दिसेनासा झाला तरी बनुबाई फाटकाशीच उभी होती. मग आतून सिस्टरांनी हाक मारली, अकरा नंबरवर नवीन बाई आली आहे. बनुबाई आत गेली, खाटेवरची चादर काढली, झटकली, आणि दुसरी अंथरायला घेतली.